त्याच्या हातचा प्याला

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत प्रभुभोजन असे. भाकर मोडली जाई, ती हातोहात फिरे, आणि त्यानंतर प्याला घेऊन पंच बाकांमधून येऊ लागला की मी उठून बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन बसे. हे काही वर्षे चालले. पहिल्या वेळी लोकांनी वळून पाहिले. पुढे कोणी पाहीनासे झाले. माणसांना दुसऱ्याच्या दुःखाची सवय फार लवकर होते.

मंडळी मोठी नव्हती. चेन्नईत मराठी ख्रिस्ती कुटुंबे थोडी. बहुतेक नगर आणि जालन्याकडची, शहराबाहेरच्या आवडी या उपनगरातल्या संरक्षण कारखान्यांत नोकरीसाठी आलेली, काही रेल्वेतली, अलीकडे ओरगडमच्या मोटार कारखान्यांत दाखल झालेली काही तरुण मुले. वेपेरीतल्या एका तमिळ मंडळीचा हॉल आम्हांला रविवारी दुपारी मिळत असे. त्यांची सकाळची उपासना आणि मागाहूनचे जेवण आटोपले, सांबाराचा वास थोडा विरला, की आम्ही बाके सरळ करून बसत असू. पाळक एकटे होते. त्यामुळे प्याला फिरवण्याचे काम पंचाकडे होते. मंडळीचा कारभार पाहण्यासाठी निवडलेल्या वडीलधाऱ्या माणसाला आमच्यात पंच म्हणतात.

आमच्याकडे सर्वांसाठी एकच प्याला असतो. पंच तो प्रत्येकासमोर धरतो. माणूस तो त्याच्या हातून घेतो, एक घोट पितो आणि परत त्याच्याच हातात देतो. त्या हाताला टाळायचे असेल तर प्याल्याला टाळावे लागते. मला तो हात नको होता.

तो माणूस माझा मित्र होता. आवडीच्या क्वार्टर्समध्ये आमची दारे समोरासमोर होती. दोघेही एकाच कारखान्यात माल तपासणारे, दोघेही नियमाला चिकटून राहणारे. मापात बसत नाही तो भाग आम्ही दोघेही परत पाठवत असू, मग वरचा साहेब काहीही म्हणो. माझ्या मुलीला लहानपणी फिट्स येत. एकदा मी पाळीवर असताना तिला फिट आली. माझी पत्नी तिला मांडीवर घेऊन सायकलच्या कॅरियरवर बसली आणि या माणसाने भर उन्हात सायकल मारत दोघींना इस्पितळात पोहोचवले. तो घामाने भिजला होता, आणि मी येईपर्यंत इस्पितळाच्या दारातून हलला नव्हता. हे मी विसरलेलो नाही. विसरता आले असते तर पुढचे सोपे झाले असते.

मोठी होता होता मुलीच्या फिट्स थांबल्या. डॉक्टरांनी गोळ्याही बंद केल्या. ती शिकली, बँकेत लागली. माझी पत्नी वारली तेव्हा मुलगी कॉलेजात होती. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून मी वेस्ट मांबलममध्ये एक लहान फ्लॅट घेतला. तिला मांबलमहून गाडी पकडून बीच स्टेशनला कामावर जाणे सोयीचे होते. आम्ही दोघेच.

तिचे लग्न उशिरा ठरले. मुलगा मंडळीतलाच, ओरगडमला इंजिनिअर. फिट्सविषयी मी त्याला स्वतः सांगितले. आमच्या घरात, समोर बसवून. तो म्हणाला, "अंकल, माझ्या दृष्टीने हा विषय संपला." आईला सांगितलेस का, असे मी विचारले. "मी सांगतो," तो म्हणाला. मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. शब्दावर विश्वास ठेवण्याची मला सवय होती.

आमच्यात लग्नाआधी पुकार होते. तीन रविवार उपासनेत वधूवरांची नावे वाचून दाखवतात आणि या विवाहास कोणाची हरकत असल्यास ती आता सांगावी, असे मंडळीला विचारतात. पाळकसाहेब मला म्हणाले होते, "अण्णा, मुलाला रजा कमी आहे. पुकारीच्या भानगडीत न पडता लायसन्सवर लग्न लावू. कायद्याने चालतं." मुलीचेही तेच म्हणणे होते. मी नाही म्हणालो. आमच्या घरात पुकारीवाचून लग्न झालेले नाही, असे सांगितले. खरे होते ते. माझ्या आजोबांपासून झालेले नाही.

पहिल्या रविवारी पुकार झाली. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी मुलाची आई नगरहून आली होती. आदल्या दिवशी टी. नगरला जाऊन तिने माझ्या मुलीसाठी कांजीवरम घेतली होती आणि मंडळीतल्या बायकांना तिचा काठ वर्णन करून सांगत होती. पाळकसाहेबांनी नावे वाचली. हरकत विचारली. पुस्तक मिटण्यासाठी त्यांनी हात पुढे केला, तेवढ्यात माझा मित्र उभा राहिला.

"हरकत नाही, पाळकसाहेब," तो म्हणाला. "माहिती आहे. मुलीला लहानपणी फिट्स यायच्या. मुलाकडच्यांना ठाऊक असेल तर माझं काही म्हणणं नाही. ठाऊक नसेल तर ठाऊक व्हावं."

एवढे बोलून तो खाली बसला. आवाज चढलेला नव्हता. कारखान्यात नापास भाग बाजूला काढताना तो याच आवाजात बोलत असे.

मुलाच्या आईने मुलाकडे पाहिले. मुलाने जमिनीकडे पाहिले. एवढ्यातच सगळे संपले. नंतरचे दिवस केवळ शिष्टाचाराचे होते. आठवडा उलटल्यावर मुलाच्या मामाचा फोन आला. मुलगी फार गुणी आहे, असे ते म्हणाले. ज्या वाक्याची सुरुवात अशी होते त्याचा शेवट ऐकण्याची गरज नसते, तरी मी ऐकला.

त्या तिसऱ्या रविवारी उपासना सुटल्यावर मी व्हरांड्यात त्याला गाठले.

"तुम्ही आधी माझ्याकडे यायला हवं होतं," मी म्हणालो.

"तुम्ही?" तो म्हणाला. "सकाळपर्यंत तू होतो मी."

"आधी यायला हवं होतं."

"आधी मला कोणी विचारलं नव्हतं. आज विचारलं. देवाच्या घरात, सगळ्यांसमोर. गप्प बसलो असतो तर ते खोटं बोलणं झालं असतं."

"मागचे दोन रविवारही विचारलंच होतं."

"दोन रविवार मी स्वतःशी भांडत होतो."

त्याच्या भांडणाशी मला कर्तव्य नव्हते. मी वळलो आणि मुलीला घेऊन घरी आलो. गाडीत ती खिडकीबाहेर पाहत होती. मी डब्यातल्या जाहिराती वाचत होतो. काय बोलायचे असते अशा वेळी, हे मला कोणी शिकवलेले नाही.

त्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाच्या वेळी मी उठून बाहेर गेलो. मनात वैर धरून त्या भोजनात भाग घेऊ नये, अशी शिकवण आहे. ती मी पाळली. लोकांना तो रुसवा वाटला. मला तो प्रामाणिकपणा वाटत होता, आणि अजूनही पूर्णपणे तसे वाटणे गेलेले नाही. ज्याच्याशी बोलत नाहीत त्याच्या शेजारी गुडघे टेकून प्याला पिणारी माणसे मी आयुष्यभर पाहिली आहेत. त्यांच्यापेक्षा व्हरांडा बरा.

घरचा प्रश्न मात्र रोजचा होता. आमच्या घरी रोज सकाळी, तिची गाडी निघण्याआधी, प्रार्थना होते. शेवटी दोघे मिळून प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणतो. तीत एक वाक्य क्षमेचे आहे. आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली आहे तशी तू आम्हांला कर, असा त्याचा आशय. लहानपणापासून मी ते विचार न करता म्हणत आलो होतो. आता त्या वाक्यापाशी आलो की माझे तोंड मिटे. जे केलेले नाही ते केले आहे असे देवाला कसे सांगावे? मी थांबत असे. मुलगी ते वाक्य एकटी म्हणे. पुढच्या वाक्याला मी पुन्हा सामील होत असे. तिने एकदाही माझ्याकडे पाहिले नाही की विचारले नाही. रोज सकाळी त्या लहान खोलीत तेवढ्या एका वाक्यापुरता तिचा आवाज एकटा राही. बाहेर दूधवाला, खालच्या मजल्यावर कुणाचा मिक्सर. मग पुढचे वाक्य.

एकदा पाळकसाहेब घरी आले. कॉफी संपेपर्यंत निवृत्तिवेतन आणि पाण्याची लॉरी या विषयांवर बोलले. मग म्हणाले, "अण्णा, व्हरांडा किती दिवस सांभाळणार?"

"वारा चांगला असतो तिथे."

"तुमच्या बाकाला मी स्वतः प्याला देतो. पंचांना तेवढं वगळतो."

"प्याला तोच ना?"

"तोच."

"मग वळसा कशाला?"

ते हसले. "तुम्ही दोघं इतके सारखे आहात, की एकाने दुसऱ्याला आरसा म्हणून भिंतीवर लावावं."

"मी आरशात दाढी करण्यापुरतंच बघतो," मी म्हणालो.

ते उठले. दारात चपला घालताना म्हणाले, "त्यांनी माफी मागितली तर?"

"मागतील?"

पाळकसाहेब खोटे बोलत नसत. "नाही," ते म्हणाले. "मी विचारून पाहिलं. आपण चूक केली असं त्यांना वाटत नाही."

तेव्हा प्रश्न मिटला असे मी मानले. मागितलीच नाही तर देणार काय?

दुसरा मार्गही मी करून पाहिला. आमच्या घराजवळच्या एका तमिळ चर्चमध्ये सकाळी लवकर प्रभुभोजन असते. एका रविवारी तिथे गेलो. ओळीत गुडघे टेकले, अनोळखी पाळकाच्या हातून घेतले, उठलो. सर्व यथासांग होते. चालत घरी येताना लक्षात आले की तिथे मला क्षमा करण्याजोगे कोणी नव्हते आणि मला क्षमा करील असेही कोणी नव्हते. मी नियम पाळला होता आणि बाकी सगळे चुकवले होते. पुन्हा गेलो नाही.

त्यानंतर पंचाची बायको वारली. मी अंत्यविधीला गेलो. सगळ्यांबरोबर मूठभर माती टाकली. माती टाकायला क्षमा लागत नाही. तो कबरीच्या कडेला उभा होता. माझ्याकडे पाहून त्याने आम्हां ख्रिस्ती लोकांतला नेहमीचा "सलाम" केला. मीही सलाम म्हणालो आणि फाटकाकडे निघालो.

प्याल्यातला रस इतकी वर्षे पंचाची बायकोच करत असे. आमच्याकडे द्राक्षारस म्हणजे मनुकांचा रस. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी उकळायच्या, चुरायच्या, पातळ फडक्यातून गाळायच्या. साखर घालायची नाही. या शहराच्या उष्म्यात तो टिकत नाही. दुसऱ्या दिवशी फेस धरतो. म्हणून ती त्याच सकाळी करत असे, आधी करून ठेवू देत नसे. ती गेल्यावर हे कोण करणार, असा प्रश्न मंडळीत निघाला. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. माझी मुलगी म्हणाली, "मी करीन."

  त्या महिन्यापासून मी जो प्याला नाकारत होतो त्यातला रस माझ्याच स्वयंपाकघरात तयार होऊ लागला. पहिल्या रविवारी सकाळी घरभर उकळलेल्या मनुकांचा वास भरे. मुलगी स्टीलच्या डब्यात रस भरी, तो मांडीवर धरून गाडीत बसे आणि हॉलमध्ये पोहोचल्यावर त्या माणसाच्या हाती देई. तो म्हणे, "आलीस बाळा?" ती म्हणे, "आले, काका." डबा द्यायचा, घ्यायचा. नंतर तो तिच्यासमोर प्याला धरी आणि ती घेई. हे मी व्हरांड्यातून खिडकीच्या गजांमधून पाहत असे.

अशाच एका रविवारी सकाळी ती गाळत होती आणि मला राहवले नाही.

"तुझ्या हातचा रस त्याच्या हातून पितेस कशी तू?" मी विचारले.

"तोंडाने," ती म्हणाली.

"मी गंमत करत नाही."

"मीपण नाही, पप्पा." तिने फडके पिळले. "तुम्हांला वाटतं मी एकदा माफ केलं आणि सुटले. तसं असतं तर किती बरं झालं असतं. रोज गाडीत बसले की कोडंबाक्कम स्टेशनला पहिली आठवण येते. त्या दिवशीची. एग्मोरपर्यंत मी मनातल्या मनात भांडत असते. शेजारच्या बाईला वाटत असेल मी स्तोत्र म्हणतेय. बीचला उतरताना सोडते. संध्याकाळी परत येताना कधी कधी राग पुन्हा चढतो गाडीत. विनातिकीट."

"म्हणजे माफ केलेलं नाहीस."

"केलंय. रोज करते. कालची आज नाही पुरत मला. तुम्ही सकाळी ज्या वाक्याला थांबता ना, ते म्हटलं नाही तर बीचला उतरताना हात रिकामे होत नाहीत माझे. तुम्हांला ऐकवायला म्हणत नाही मी ते."

पहिल्यांदाच तिने त्या वाक्याचा उल्लेख केला. मी म्हणालो, "तो आजही म्हणतो, आपण बरोबर केलं."

"म्हणू देत. काका सोपे होते, पप्पा. ते उभे राहिले, बोलले, समोर आहेत. तो मुलगा कठीण गेला मला. सगळं ठाऊक होतं त्याला, आणि जमिनीकडे बघत बसला. त्याला सोडायला दोन वर्षं लागली, आणि तरी अधूनमधून परत येतो." ती थांबली. चोथा एका ताटलीत काढू लागली.

"आणि?" मी विचारले.

"आणि काय?"

"तू थांबलीस."

"सोडा ना."

"बोल."

"आणि तुम्ही," ती म्हणाली. फडके तिच्या हातात होते आणि ती त्याच्याकडे पाहत बोलत होती. "पाळकसाहेब लायसन्स म्हणाले होते. मीही म्हणाले होते. तुम्ही आजोबा-पणजोबांपर्यंत गेलात. त्या दिवशी काका बोलले तेव्हा सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. तुम्ही काकांकडे बघत होतात. उपासना सुटल्यावरही तुम्ही आधी त्यांनाच गाठलंत. मी बाकावर एकटी होते, पप्पा. त्या मुलाची आई बाजूने निघून गेली. कोणीतरी माझ्याजवळ येऊन बसायला हवं होतं."

मी चोथ्याची ताटली जरा बाजूला सरकवली.

"तेव्हापासून तुम्हांलाही रोज सोडते," ती म्हणाली. "तुमच्याच समोर उभी राहून. आणि एक सांगते, माझ्या वतीने रागावू नका. माझा राग मला पुरतो. तुमचाही सांभाळायचा म्हणजे फार होतं."

मग तिने रस डब्यात ओतला, झाकण लावले आणि आंघोळीला गेली.

मी स्वयंपाकघरात उभा राहिलो. ताटलीत मनुकांचा काळा चोथा होता. ज्या वाक्यापाशी मी इतकी वर्षे तोंड मिटून उभा राहत होतो, त्या वाक्यात मी होतो. पण क्षमा करणाऱ्याच्या जागी नव्हतो. माझ्यासमोर, माझ्याच घरात, रोज सकाळी मला क्षमा होत होती, आणि मी पुढचे वाक्य येण्याची वाट पाहत थांबत होतो.

मला तिचा राग आला, हे लिहून ठेवले पाहिजे. कृपा मागितल्यावाचून मिळते, असे आम्हांला लहानपणापासून सांगतात. मागितल्यावाचून मिळालेली गोष्ट घेताना माणसाचा किती अपमान होतो हे सांगत नाहीत. मी तिच्या बाजूने उभा आहे, असे समजत होतो. माझी बाजू मला तेवढी एकच होती. ती तिने गाळून बाजूला काढली, आणि आवाजही चढवला नाही.

दुपारी आम्ही गाडीने निघालो. पार्क स्टेशनवर उतरताना मी डबा तिच्या हातून घेतला. तिने दिला.

प्रभुभोजनाची वेळ आली. भाकर फिरली. पंच प्याला घेऊन पुढच्या बाकापासून येऊ लागला. मी उठलो नाही. माझ्या शेजारी ओरगडमचा एक नवा मुलगा बसला होता. तो मला वाट देण्यासाठी पाय आखडून बसला. त्याला कोणीतरी आधीच सांगून ठेवले असणार. मी हलत नाही हे पाहून त्याने हळूच विचारले, "अंकल, काही प्रॉब्लेम?"

"नाही. पुढे बघा," मी म्हणालो.

पंच आमच्या बाकापाशी आला आणि माझ्यासमोर थांबला. प्याला त्याने छातीशी धरला होता, पुढे केला नव्हता.

"बसलास," तो म्हणाला.

"बसलो."

"मन साफ आहे?"

हे प्याला फिरवणाऱ्याने विचारायचे नसते. दुसऱ्या कोणी विचारले नसते. त्याच्या जागी मी असतो तर मी विचारले असते.

"नाही," मी म्हणालो.

"मग?"

"आजपुरतं बाजूला ठेवलंय."

त्याने विचार केला. बाकावरची माणसे आमच्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होती. पाळकसाहेबांनी पुढे यायला एक पाऊल उचलले आणि परत घेतले.

"मी बोललो ते आजही विचारलं तर बोलेन," तो खालच्या आवाजात म्हणाला. "ते ठाऊक असू दे. मागाहून म्हणू नकोस, की फसवलं."

"ठाऊक आहे."

"आजपुरतं तर आजपुरतं," असे म्हणून त्याने प्याला पुढे केला.

मी घेतला, घोट घेतला, त्याच्या हातात परत दिला. बोटांना बोटे लागली. रस थोडा आंबट होता. डोळे भरून आले नाहीत. प्रकाश दिसला नाही. पुस्तकांत लिहितात तसे काही हलके वाटले नाही. जड वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्यावर वाटते तसे वाटले. तो शेजारच्या मुलाकडे गेला. मुलीच्या बाकाकडे मी पाहिले. ती डोळे मिटून बसली होती. माझ्याकडे पाहण्याचे तिला काही कारण नव्हते.

उपासना सुटल्यावर तो सेंट्रल स्टेशनला, आवडीला जाणारी गाडी पकडायला निघाला. आमचीही वाट तीच. रस्ता ओलांडताना त्याला वाहने नीट दिसत नाहीत, हे मला त्या दिवशी कळले. मी त्याचा दंड धरला. पलीकडे गेल्यावर सोडला. तो पाळकसाहेबांच्या लांबलेल्या प्रवचनाविषयी तक्रार करत होता. मला त्याचा सूर आवडला नाही. तो आपल्या मतांविषयी पूर्वीही इतकाच निश्चिंत असे.

"गाडीची वेळ झाली तुमची," मी म्हणालो.

"अजून तुम्हीच?"

"अजून."

"बरं," तो म्हणाला आणि प्लॅटफॉर्मकडे गेला.

त्या दिवशी मला वाटले होते की एक काम पुरे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी राग माझ्याआधी जागा होता. तो कमी झाला नव्हता. तिसरा रविवार, ती कांजीवरम, मुलाच्या मामाचा तो गोड आवाज, सगळे जागच्या जागी होते. फक्त आता त्यात मी होतो, मित्राला गाठायला व्हरांड्याकडे निघालेला, आणि मागे बाकावर एकटी बसलेली मुलगी. प्रार्थनेत ते वाक्य आले तेव्हा मी ते म्हणालो. नीट म्हणता आले नाही; अर्ध्यावर अडखळलो. मुलीने आपला वेग कमी केला नाही. ती पुढच्या वाक्याला गेली आणि मला तिच्यामागून जावे लागले.

तेव्हापासून हे रोजचे आहे. श्रद्धेने मन शांत होते असे सांगणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. माझे झालेले नाही. मला एवढेच समजले आहे की जे काल सोडले ते आज पुन्हा सोडावे लागते, आणि आज मला जे सोडले गेले तेही उद्या कोणाला तरी पुन्हा सोडावे लागणार आहे. ती बीचला उतरताना ते करते. मी दुपारपर्यंत करतो. काही दिवस संध्याकाळ होते. काही दिवस जमत नाही.

ज्या पहिल्या रविवारी जमलेले नसते, त्या दिवशीही मी आता बाहेर जात नाही. बाकावर बसतो. पंच प्याला घेऊन समोर येतो. तो आता फार थकला आहे, पण प्रश्न विचारायचे सोडत नाही.

"आज?" तो विचारतो.

"आज नाही," मी म्हणतो.

तो मान हलवतो आणि प्याला घेऊन पुढच्या माणसाकडे जातो.